गल्लीची रुंदी

तांडापेठेत रात्री पावणेदोनला
अजून छत्तीस.
कूलरच्या खसमधून ओला वास येतो, गारवा येत नाही.
आई गच्चीवर झोपलेली.
मी खाली, टेबलाशी,
जिथे आजोबांच्या मागाचा खड्डा होता.
बुजवला तेव्हा मुरूम कमी पडला असावा;
खुर्ची सरकवली की खालून अजून पोकळ बोलतं.

तिथे मी भैरवदत्त आहे.
आठ फूट उंच, खांद्यावर अस्वलाचं कातडं,
हातात असा परशू
की उचलायलाच सव्वा सेकंद लागतो.
इथे मी पाच फूट एक,
धंतोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये
दिवसभर लोकांच्या रक्ताची बिलं फाडते.

समोर ती. विषकन्या_४४.
एकवीस रात्री झाल्या, तीच लागते
(की मीच तिला शोधते, हे आईला सांगू नका).
राखेच्या रिंगणात, तुटक्या खांबांमध्ये
तीन मोजेपर्यंत दिसते,
मग दिसत नाही.
मी परशू उचलते. सव्वा सेकंद.
तेवढ्यात पाठीत दोन सुऱ्या,
पडद्याच्या कडा लाल,
ढाल अजून नऊ सेकंद लांब.
नऊ सेकंद फार असतात.
नऊ सेकंदांत माणूस आपला सगळा स्वभाव दाखवतो.
मी धावते, खांबाभोवती.
एवढा आठ फुटी भैरवदत्त, पळून राहिला!
प्रेक्षक नसतात हे बरं.

बाविसाव्या रात्री
तिचं रक्त अर्धं, माझं त्याहून कमी,
आणि लाइन गेली.
कूलर कण्हत थांबला.
पंखा दोन फेऱ्या उधारीवर फिरला.
माझा पडदा मात्र जिवंत:
लॅबने मोडीत काढलेला इन्व्हर्टर, तीन हप्त्यांत घेतलेला,
टुक् म्हणाला आणि कामाला लागला.

रिंगणाच्या मधोमध
विषकन्याही थांबली.
दोन्ही सुऱ्या वर, एक पाय हवेत,
लपायचंसुद्धा विसरून.
आणि समोरच्या ओळीतल्या कुठल्याशा खिडकीतून, काळोखातून,
भरदार बाप्या आवाज:
"अबे यार! काहून बे आत्ताच!"

मी खिडकीकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं.
समजायला सव्वा सेकंद लागला.
मग मी परशू उचलला.

चांगलं माणूस थांबलं असतं.
तीन घाव.
ती पडली, सगळे पडतात तशीच,
पण कण्हली नाही, कारण तिचा आवाज
गल्लीत उभा राहून महावितरणला शिव्या देत होता.
रँक एक हजार चारशे दोन.
सोनेरी अक्षरांत विजय,
आणि मानेवरून कमरेपर्यंत घाम.

सकाळी नळावर तिघे होते.
सुताच्या दुकानातला हेडाऊ, निखाऱ्यांचा भाचा,
आणि पराते मास्तर, पुढल्या वर्षी रिटायर.
तिघांचे डोळे लाल.
मे महिन्यात इथे कुणाचे नसतात?
मी बादली सरकवत विचारलं,
रात्री लाइन कधी गेली होती हो?
दोघे म्हणाले, दीड-दोनला असेल.
मास्तरांनी चष्मा वर ढकलला:
"एक बावन्न."

तेविसाव्या रात्री
विषकन्या लपली नाही.
वाकून नमस्कार केला; तसं बटण असतं, कुणी वापरत नाही.
मलाही शोधावं लागलं.
मग तिने अकरा सेकंदांत मला झोपवलं.

भैरवदत्त राखेत आडवा.
पाहता पाहता वाटलं,
एवढा लांब माणूस आमच्या गल्लीवर टाकला
तर माझ्या खिडकीपासून मास्तरांच्या खिडकीपर्यंत
बरोब्बर पुरेल.

गल्ली आठ फूट आहे,
लॅबला जाताना पावलांनी मोजली.
माळ्यावर बारा फुटांची वायर पडून आहे,
इन्व्हर्टरला एक सॉकेट रिकामं.
देणार आहे.

पण आधी एकदा,
भर उजेडात,
दोन्हीकडचे पंखे चालू असताना,
मास्तरले हरवायचं आहे.